दुपारची डिस्क

१

दुपारचं जेवण झालं की मी हिला हात धरून मागच्या खोलीत घेऊन जायचो. खोली लहान. एका भिंतीला टेबल, टेबलावर जावयांचा कॉम्प्युटर, आणि खाली त्याचा उभा काळा डबा, ज्याला सगळे सीपीयू म्हणतात. समोरच्या भिंतीला हिची खाट. मध्ये खुर्ची, ती माझी. मुलगी येऊन कॉम्प्युटर सुरू करून द्यायची आणि आपल्या कामाला निघून जायची. मग खोलीत आम्ही दोघं आणि हिचा जुना आवाज.

हिची आठवण गेल्याला बराच काळ झाला. एकदम गेली नाही. लग्नघरातून पाहुणे जावेत तशी एकेक करून गेली, आणि दर वेळी वाटायचं, आता उरलेत ते तरी राहतील. शेवटी बोटांवर मोजण्याइतके शब्द राहिले. 'पाणी.' 'पुरे.' 'चिमणी', हे मुलीचं लाडाचं नाव. आणि 'अहो'.

'अहो' म्हणजे मी. लग्न झाल्यापासून तिनं मला दुसऱ्या कशानं हाक मारली नाही. पण तो शब्द आपोआप येत नसे. सकाळी ती माझ्याकडे बघायची ती दारात उभ्या असलेल्या परक्या माणसाकडे बघावं तशी; सभ्यपणे, जरा अंग चोरून. तो शब्द यायचा दुपारी, त्या खोलीत.

त्याचं असं होतं. मुलगी लग्नानंतर बरीच वर्षं लांब राहत होती. तेव्हा ही तिला रोज फोनवर आवाज भरून पाठवायची. मुलीनं ते सगळे निरोप जपून कॉम्प्युटरवर ठेवले होते. मागे भांडी वाजताहेत, नळ चालू आहे आणि हिची बडबड: "अगं चिमणे, तुझ्या बाबांनी आज पुन्हा छत्री बसमध्ये ठेवली. मी म्हटलं, अहो, असंच चाललं तर एक दिवस छत्री घरी येईल आणि तुम्ही बसमध्ये राहाल." आणि मग हसणं. स्वतःच्याच विनोदावर इतकं हसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

खाटेवर बसलेली ही ते ऐकायची. ओठ हलायचे. बरोबर हसायच्या जागी हसायची. मग मान वळवून माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "अहो."

पुढे काही नाही. तेवढंच. पण तेवढ्यावर माझा दुसऱ्या दुपारपर्यंतचा वेळ निघायचा.

२

एके दिवशी डब्यातून टकटक ऐकू यायला लागली. छत्रीचा निरोप मध्येच अडखळला, थांबला, पुन्हा चालू झाला. जावई टेबलाखाली वाकले, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "बाबा, डिस्क म्हातारी झाली."

"म्हातारी झाली म्हणून लगेच काढायची का हो?"

"काढायची नाही. तिच्यातलं सगळं नवीत उतरवून घ्यायचं. मग बसू दे तिला आरामात." मग त्यांच्या लक्षात आलं की मी गंमत करत नव्हतो. हळू आवाजात म्हणाले, "आज ना उद्या बंद पडणारच बाबा. आणि पडली की आईंचे निरोप परत मिळणार नाहीत."

त्यांनी निरोप सुटे सुटे करून पेन ड्राइव्हवर घेऊन पाहिले. एकही पुरा येईना, सगळं गोठून बसलं. सुट्या फायली काढताना ती अडकते, त्यापेक्षा डब्यातच शेजारी दुसरी डिस्क बसवू आणि पुऱ्या डिस्कची नक्कल एका दमात करू, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते अशा कामात धांदरट नाहीत. बँकेत मशीनं सांभाळायचंच काम करतात. मी बरं म्हटलं.

नवी डिस्क आली. तळहाताएवढी, जड, थंड, चंदेरी पाठीची. मी ती हातात घेऊन बघितली. इतक्याशा डबीत माणसाचं आयुष्यभराचं बोलणं मावतं म्हणे.

जावयांनी डब्याचं पत्र्याचं दार उघडलं. जुन्या डिस्कच्या खाली मोकळा कप्पा होता, त्यात नवी सरकवली, स्क्रू पिळले. दोन वायरी लावल्या. एक रुंद तोंडाची, ती विजेची. दुसरी पातळ, चपटी, तिच्यातून माहिती जाते-येते. दार लावलं, बटण दाबलं.

कॉम्प्युटर जागा होताना अगदी सुरुवातीला एक निळी पाटी दाखवतो. घरात कोण कोण आलंय त्याची हजेरीच म्हणा. जावयांनी तिथं बोट ठेवलं. जुनीचं नाव होतं. नवीचं नव्हतं.

"डिटेक्ट होत नाहीये," ते म्हणाले.

"नवी नवरी आहे. लाजत असेल."

"लाजावं, पण उंबऱ्यातून आत तरी यावं की!"

खाटेवरून ही म्हणाली, "पाणी." मी पाणी आणायला गेलो.

३

पुढे काही संध्याकाळी तोच उद्योग. जावई ऑफिसातून आले की हात-पाय धुऊन टेबलाखाली. वायर काढून पुन्हा लावली. जुनीची विजेची वायर नवीला लावली, नवीची जुनीला. मदरबोर्डवरची खाच बदलली. विजेचं दुसरं टोक लावून पाहिलं. निळ्या पाटीवर जुनीचं नाव यायचं, नवीचं नाही.

माझा जन्म पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेला. तिथं मोटर आतून कशी आहे हे बघायचं तर लांब दांड्याचा डिसमिस घ्यायचा, टोक मोटरीच्या अंगाला टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला. आतलं सगळं ऐकू येतं. तो डिसमिस अजून माझ्याकडे आहे. जावई त्याला स्क्रू ड्रायव्हर म्हणतात आणि मला वापरू देत नाहीत, कारण त्याच्या टोकानं एक ट्रक उघडता येईल.

मी खुर्चीतूनच निदान केलं. "बेअरिंग घरघरतंय. मालच खराब दिलाय."

मुलगी उठली, पलीकडे गेली आणि फ्रिजचं बटण बंद केलं. घरघर थांबली.

"घ्या. तुमचं बेअरिंग स्वयंपाकघरात आहे," ती तिकडून म्हणाली. जावई टेबलाखाली हसताना डोकं आपटून घेते झाले.

शेवटी ते डिस्क काढून दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं आपल्या मशीनला जोडली, आणि तिथं ती पहिल्या झटक्यात दिसली. कोरी, ठणठणीत. दुकानदार म्हणाला, "साहेब, डिस्कमध्ये काही नाही. तुमच्या घरी काहीतरी आहे." त्याला मशीन म्हणायचं होतं.

घरी आणून लावली. पुन्हा नाही.

तेव्हा मी डिसमिस आणला, आणि जावयांनी या वेळी अडवलं नाही. टोक अलगद डिस्कच्या पाठीवर टेकवलं, मूठ कानाला लावली. आत फिरणं चालू होतं. एकसारखं, गुळगुळीत, लोण्यासारखं. कुठं खरखर नाही की लचक नाही.

"ही तर ठणठणीत फिरतेय," मी म्हटलं.

"फिरतेय हो. पण सांगत नाहीये ना, की मी आहे."

४

जावयांना पातळ वायरीचा संशय आला. ती त्यांनी काढून टाकली आणि चांगल्या प्रतीची मागवली. ती येईपर्यंत डिस्क डब्यात तशीच राहिली, नुसती विजेची वायर लावलेली.

हिला दुपारी एक खोड होती. निरोप ऐकून झाले की चादरीचे धागे उसवत बसायची. एकेक धागा ओढायचा, बोटाला गुंडाळायचा, टाकायचा. तिनं कितीतरी चादरी अशा संपवल्या. हात धरला तर रडायची.

त्या दुपारी धागा ओढता ओढता तिचे हात थांबले. मान डब्याकडे वळली. लहान मूल पाळण्यावरचं खेळणं बघतं तशी ती डब्याकडे बघत राहिली आणि बसल्या बसल्या पेंगली. मी तिला आडवी केली. संध्याकाळपर्यंत झोपली. किती दिवसांनी झोपली म्हणून सांगू!

दुसऱ्या दुपारीही तेच. मी जावयांना म्हटलं, "तो फिरण्याचा आवाज हिला मानवतोय बघा. राहू दे ना चालू."

"राहू दे की. काही बिघडत नाही. नुसती फिरेल," जावई म्हणाले.

मुलगी म्हणाली, "आईला झोप लागतेय ना? मग वायर आली तरी घाई करू नका."

असं आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. निरोप संपले तरी कॉम्प्युटर बंद करायचा नाही. ही झोपेल, डिस्क फिरेल. घर इतकं शांत झालं की मुलगी दुपारी पुस्तक वाचायला लागली.

मीही खुर्चीत डुलक्या घ्यायचो. एकदा डोळे मिटलेले असताना मला फिरण्याच्या आत दुसरा आवाज ऐकू आला. किर्र, टिक. मग खंड. किर्र, टिक टिक. डिस्कच्या आत एक काटा असतो, रेकॉर्डवर असायचा तसा. लिहिताना, वाचताना तो हलतो. पण माहितीची वायर तर काढून ठेवली होती. मग ती कुणाचं लिहीत होती?

जावयांना विचारलं. ते म्हणाले, "रिकामी असली की स्वतःलाच तपासत बसते बाबा. आपण नाही का बाहेर पडल्यावर खिसे चाचपत?"

पटलं. पटण्यासारखंच होतं.

५

मी हिला भरवतो. पोट भरलं की ती म्हणायची, "पुरे." एके दिवशी म्हणालीच नाही. घास पुढे केला की तोंड उघडायची, पुन्हा केला की पुन्हा. शेवटी घास ओठांवरून खाली आला तेव्हा मला कळलं की केव्हाचं पोट भरलंय. ती माझ्याकडे बघत होती. सांगायचंय आणि हाताला काही लागत नाहीये, अशी.

मी मनाशी म्हटलं, गेला आणखी एक पाहुणा. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

दुपारी निरोप लावले. एक निरोप मला पाठ आहे. त्यात ही मुलीला शेजारणीची नक्कल करून दाखवते: "मी आपली म्हणतेय, पुरे हो पुरे, आणि ही बाई वाढतेच आहे." त्या दिवशी ऐकलं ते असं: "मी आपली म्हणतेय," मग काही नाही, मग "हो", मग पुन्हा काही नाही, मग "आणि ही बाई वाढतेच आहे."

डिस्क अडखळली असं वाटलं. पण डिस्क अडखळायची तेव्हा सगळंच थांबायचं. इथं मागचा नळ चालू होता. भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज त्या मोकळ्या जागेतूनही सरळ येत होता. थांबला होता तो फक्त हिचा शब्द. शिवणीतून एक टाका उसवून घ्यावा आणि कापडाला कळूही नये, तसा.

मी पुन्हा लावायला सांगितलं. मुलीनं लावलं. तसंच.

"डिस्क गेली बाबा. खराब होत चाललीय," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला.

"नळ नाही खराब झाला?" मी विचारलं.

तिनं निरोप बंद केला.

६

मग 'पाणी' गेलं. त्याची चाहूल मला तिच्या सुकलेल्या ओठांवरून लागली. दुपारी ऐकलं तर निरोपांमधून जिथं जिथं पाणी होतं तिथं तिथं ते नव्हतं. नळाला ... नाही. ... तापलंय. गंमत अशी की मागून पाण्याची धार पडल्याचं ऐकू येत होतं.

मुलीच्या ड्रॉवरमध्ये तिचा जुना, आम्ही सगळेच विसरलेला फोन पडून होता. मूळ निरोप त्यावरच आले होते. त्याचा आणि कॉम्प्युटरचा आता काही संबंध नाही. ती दिवसभर चार्जर शोधत होती. सापडल्यावर फोन सुरू केला, निरोप लावला आणि कानाला धरून उभी राहिली. मी खुर्चीतून तिच्याकडे बघत होतो.

तिनं फोन खाली ठेवला. स्क्रीन पालथी करून.

"तिथंही?" मी विचारलं.

"फोन जुना आहे बाबा."

"हो. जुना आहे," मी म्हटलं.

त्या दिवशी मी एक प्रयोग केला. जेवण झाल्यावर निरोप लावले नाहीत, आणि ही झोपल्यावर डब्याच्या मागची वायरच भिंतीतून उपटली. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. खाटेवर ही जागी झाली. आधी इकडे तिकडे बघितलं. मग दोन्ही हात पुढे करून हवेत काहीतरी चाचपायला लागली. अंधारात माणूस भिंत शोधतो तशी. दिवसाढवळ्या, डोळे उघडे ठेवून. आणि तोंडातून असा आवाज काढला की मुलगी स्वयंपाकघरातून पीठभरल्या हातानं धावत आली.

"काय केलंत तुम्ही?"

"काही नाही. वायर काढली."

"का पण? जरा झोपली होती ती. तुम्हाला तरी सुखानं बसवत नाही का हो?"

मी वायर लावली. बटण दाबलं. आत फिरणं सुरू झालं, आणि हिचे हात हळूहळू मांडीवर आले.

मला काय वाटत होतं ते मी तिला सांगितलं नाही. सांगून काय म्हणणार? चिमणे, तुझी आई त्या डबीत चाललीय? मलाच ते खरं वाटत नव्हतं. वयोमानानं माणूस दोन वेगळ्या गोष्टींना गाठ मारतो. हिचे शब्द जायचेच होते. जुनी डिस्क बिघडायचीच होती. फोनही म्हाताराच. तीन म्हाताऱ्या वस्तू एका वेळी थकल्या, यात नवल ते काय!

मी स्वतःला असं सांगायचो आणि मला ते पटायचं. मग दुपार व्हायची.

७

'चिमणी' गेली त्या दिवशी मुलगी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.

राहिलं ते फक्त 'अहो'.

मी त्या शब्दाला फार जपलं. दुपारी ती म्हणाली की मी लगेच उत्तर द्यायचो, "हो, इथंच आहे," म्हणजे तिला शोधावं लागू नये. मग एक दुपार अशी आली की छत्रीचा निरोप चालू झाला आणि निम्म्याच्या वर तो नुसता नळ आणि भांडीच होता. त्यातून अधूनमधून हिचा आवाज वर यायचा. "मी म्हटलं," मग मोकळी जागा, "असंच चाललं तर." हसू मात्र शाबूत होतं. ही हसली नाही. मान वळवून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. तोंड उघडलं आणि मिटलं.

मग ती आडवी झाली आणि झोपली. चेहरा इतका शांत, की सुरकुत्यासुद्धा कमी वाटत होत्या.

मी खुर्ची सरकवली. डब्याचं दार जावयांनी कामापुरतं उघडंच ठेवलं होतं. चपटी वायर काढलेली, तिची खाच रिकामी. मी नीट पाहून घेतलं. डिसमिसचं टोक डिस्कच्या पाठीला लावलं, मूठ कानामागच्या हाडाला.

आधी फिरणं. मग काटा. किर्र, टिक. टिक टिक. मी पंपघरात शिकलो होतो की आवाजाच्या मागे धावायचं नाही. बसून राहायचं. आवाज स्वतः जवळ येतो. मी डोळे मिटून बसलो. बाहेर कुठं तरी शिडी ओढल्याचा आवाज झाला, एक दार आपटलं, मग तेही विरलं. काट्याच्या हलण्याला चाल होती. भरभर, मग खंड, मग भरभर. दम घेऊन बोलणाऱ्या माणसाची असते तशी. ही चाल मी कुठं तरी ऐकली होती. सगळा जन्म शेजारच्या खोलीतून ऐकली होती, जिथं शब्द कळत नाहीत पण कोण बोलतंय ते कळतं.

आणि मग, अगदी जवळ, हाडाला हाड लागावं इतक्या जवळ: "अहो."

एकदाच.

मी डोळे उघडले. खाटेवर ही कुशीवर झोपलेली. तोंड मिटलेलं.

"हो, इथंच आहे," मी म्हटलं. सवयीनं. दोघींपैकी कुणाला म्हटलं ते मला सांगता येणार नाही.

८

रविवारी जावई सकाळपासून मागे लागले. नवी वायर आली होती. ती लावूनही डिस्क दिसेना, तेव्हा ते निळ्या पाटीच्या आतल्या पानांत शिरले. बराच वेळ नुसता बटणांचा आवाज. मग एकदम मांडीवर थाप.

"अरे देवा! ती खाचच बंद करून ठेवलेली. सेटिंगमध्ये! कुणी केली काय माहीत. आणि आम्ही वायरी बदलतोय." त्यांनी काहीतरी चालू केलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. "आणि दुसऱ्या खाचेत दिसली नाही ती जुन्या वायरीमुळे. झालं! दिसली! बाबा, आली तुमची नवरी घरात!"

मी आणि मुलगी दोघंही टेबलापाशी आलो. ही खाटेवर उशीला टेकून बसली होती.

पडद्यावर एक चौकट आली होती. जावयांनी वाचून दाखवलं. नवीन डिस्क सापडली आहे. ती वापरण्याआधी तयार करावी लागेल.

"तयार म्हणजे?"

"म्हणजे फॉरमॅट. आखणी करायची. नव्या जमिनीवर प्लॉट पाडतात ना, तसं."

"आणि आत जे आहे ते?"

"आत काय असणार? कोरी करकरीत आहे. हे बघा, पूर्ण रिकामी दाखवतेय." त्यांनी माउसचा बाण बटणावर नेला. "आता एकदा हो म्हटलं की झालं. मग जुनीची नक्कल लावून देतो. रात्रीपर्यंत होईल."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"नको."

"अहो बाबा, जुनी आज गेली तर आईंचा आवाज जाईल. हे सगळं त्याच्यासाठीच तर केलं!"

"जुनीतलं लावा बघू काहीतरी."

त्यांनी लावलं. छत्रीचाच लागला. नळ. भांडी. ताटलीवर ताटली. मध्ये कुणीतरी श्वास घेतल्यासारखं. पुन्हा नळ. निरोप आपल्या पूर्ण लांबीनं चालला आणि संपला. जावयांनी दुसरा लावला. तिसरा. एका रिकाम्या स्वयंपाकघरामागून दुसरं. त्यांच्या कानामागे घाम आला होता.

"सगळ्याच करप्ट?" ते स्वतःशीच म्हणाले. "असं एकसारखं कसं होईल?"

मुलगी टेबलापासून मागे सरली. ती माझ्याकडे बघत होती. मी डिसमिस तिच्या हातात दिला. टोक कुठं टेकवायचं, मूठ कुठं धरायची ते दाखवलं. ती टेबलाखाली गुडघ्यांवर बसली.

जावई म्हणाले, "हे काय चाललंय?"

"थांबा जरा," मी म्हटलं.

ती ऐकत राहिली. तिचे केस पुढे आले होते, त्यामुळे मला तिचा चेहरा दिसेना. दिसत होती ती फक्त तिची मूठ, आणि बोटांची पांढरी झालेली पेरं. खाटेवर ही डब्याकडे बघत होती, शांत, कुणाची तरी वाट बघून झाल्यासारखी.

शेवटी मुलीनं डिसमिस खाली ठेवला. जपून, आवाज होऊ न देता.

"काही नाही. मोटर आहे," ती म्हणाली.

"तेच तर," जावई म्हणाले. "मग करू ना?"

ती अजून गुडघ्यांवरच होती. तिनं हात आत घातला आणि नवी चपटी वायर डिस्कमधून ओढून काढली. पडद्यावरची चौकट नाहीशी झाली.

"राहू दे," ती म्हणाली.

"अगं पण..."

"राहू दे म्हटलं ना! नुसती फिरू दे."

जावयांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. ते चांगले गृहस्थ आहेत. काही दिवसांनी एक जड बॅटरी आणून डब्याला जोडली, म्हणजे वीज गेली तरी फिरणं थांबू नये.

९

जुनी डिस्क आता बंद पडली आहे. कुणी काढली नाही.

हिला त्रास काही नाही. खाते, झोपते, चादर उसवत नाही. डॉक्टर म्हणतात, अशा आजारात एवढी शांत माणसं क्वचित बघायला मिळतात. मी तिचे केस विंचरतो. ती मला ओळखत नाही, आणि ओळखत नसल्याचं तिला वाईटही वाटत नाही.

दुपारी मी मागच्या खोलीत बसतो. निरोप नाहीत, म्हणून मीच बोलतो. डिसमिसची मूठ कानाला लावायची आणि दिवसभरातलं सांगायचं. मुलगी दारावरून जाताना थबकते, पण आत येत नाही. 'अहो' मला पुन्हा ऐकू आलेलं नाही. काटा मात्र हलतो. मी थांबलो की थांबतो.

काल समोरच्या घराला रंग देणं चाललं होतं. रंगारी शिडीवर, खाली डबे, सगळ्या भिंतीवर ओला चकचकीत हात. मी हिला सांगत होतो: दुसऱ्या मजल्यापर्यंत आले, खिडकीच्या चौकटी पांढऱ्या ठेवल्यात आणि भिंत पूर्ण...

शब्द आला नाही.

मी खिडकीपाशी जाऊन बघितलं. भिंत समोर होती. रंग डोळ्यांत भरत होता. पोपटाचा असतो तो. गवताचा. पानांचा. हे सगळं मला येत होतं, फक्त त्या रंगाचं नाव तेवढं नव्हतं. जिभेवर नाही, मागेही नाही. जिथं असायला हवं तिथं जागा होती, नीट पुसलेली.

घाबरायला हवं होतं. मी वाट बघितली, पण भीती आली नाही.

परत येऊन खुर्चीत बसलो. मूठ कानाला लावली. आत काटा एकदा हलला, किर्र, टिक, आणि थांबला. कुणीतरी हातातली वस्तू पुसून फळीवर तिच्या जागी ठेवावी तसा.

मग मी तिला पुढचं सांगायला लागलो.